डाव्या बाजूचा खिसा

आमच्या दुकानातल्या फोटोंमध्ये एकाही माणसाला डोकं नाही. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी तोंड वाकडं करायला नको. फोटो मी काढले, कॅमेरा माझ्या हातात होता आणि डोकी मी जाणूनबुजून वगळली. हात हलत नव्हता की नजर कमी नव्हती.

त्याचं असं झालं. आमचे हे कोट शिवायचे. मी गल्ला बघायची, गिऱ्हाइकं बघायची आणि ह्यांचा स्वभाव बघायची. तिन्हींत शेवटचं काम जड. नमुने दाखवायला म्हणून ह्यांनी एक वापरलेला कॅमेरा आणला, रोल घालायचा. कोट तयार झाला की गिऱ्हाइकाला उभं करायचं, एक फोटो काढायचा आणि अल्बमात लावायचा, म्हणजे पुढच्या माणसाला कॉलर कशी, पट्टा कसा हे तोंडाने सांगत बसायला नको. सुरुवातीला काढले मी चेहऱ्यासकट. तर बायका कोट बघेनात, चेहरेच बघत बसल्या. "ही गोरी आहे, हिला शोभेल, मला कुठलं शोभायला." "ही का? हिच्यासारखा कोट मी मेले तरी घालणार नाही." एक तर फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "मला असं दिसायचंय." मी म्हटलं, "बाई, आम्ही कोट शिवतो, नाकं शिवत नाही." गेली ती गेलीच. त्या दिवशी चेहऱ्यांचे फोटो अल्बमातून काढून टाकले आणि तेव्हापासून मी स्टुलावर बसून फोटो काढायला लागले. वरची कड गळ्याशी, खालची पोटरीशी. चेहरे गेले आणि धंदा वाढला. ह्यांना ते आधी पटलं नाही, पण ह्यांना आधी काहीच पटायचं नाही.

आता हे नाहीत, शिलाईही बंद. मागच्या खोलीत कापायचं टेबल मात्र आहे, कारण ते दारातून बाहेर निघत नाही. आत कसं आलं ते ह्यांनाच ठाऊक. ह्या टेबलाभोवती माझी नात दर रविवारी आपली माणसं गोळा करते. मी त्यांना रोलवाले म्हणते. खिशात फोन असतो प्रत्येकाच्या, त्यात फटाफट फोटो निघतात, तरी ही माणसं जुने कॅमेरे गळ्यात अडकवून हिंडतात, रोल संपायची वाट बघतात, आमच्या मागच्या न्हाणीघरात अंधार करून औषधाच्या पाण्यात कागद बुचकळतात, आणि मग ते कागद टेबलावर मांडून बोलतात. बोलतात म्हणजे किती. एक मास्तर आहेत, गणित शिकवून निवृत्त झालेले, ह्यांच्या ओळखीतले, म्हणून मला वहिनी म्हणतात. ते एकदा कुत्र्याच्या फोटोवर इतकं बोलले, की खरं कुत्रं असतं तर उठून गेलं असतं. दुसरा पोस्टमन. तो फक्त दारांचे फोटो काढतो. मी म्हटलं, "अरे, दिवसभर दारंच बघतोस ना?" तर म्हणतो, "दिवसभर घाईत बघतो, आजी."

तिसरी दातांची डॉक्टर. चाळिशीची, एकटी, बोलायला कमी. नवीनच यायला लागली होती. ती काय काढायची तर रिकाम्या खुर्च्या, वाळत घातलेले कपडे, पायऱ्या. माणूस एकही नाही. मला वाटलं, दिवसभर लोकांच्या तोंडात बघून कंटाळत असेल.

ह्या मंडळींचा एक नियम आहे. ज्याने फोटो काढला त्याने तोंड उघडायचं नाही. फोटो हातोहात फिरतो, सगळे बोलतात, आणि सगळ्यांचं झाल्यावर मगच काढणाऱ्याने बोलायचं. आधी सांगितलं तर बघणारा तेवढंच बघतो म्हणे. मी नातीला म्हटलं, "हा नियम ज्याने काढला त्याला घरी कुणी बोलू देत नसणार." ती म्हणाली, "आजी, नियम मीच काढलाय. आणि कुणाच्या घरात वाढले ते तुला माहीत आहे."

अशी तिखट आहे. माझ्यावर गेली आहे.

तर एका रविवारी मी चहा घेऊन मागच्या खोलीत गेले, आणि बघते तर टेबलावर आमच्या नमुन्यांचा अल्बम. नातीने माळ्यावरून काढला होता. कुणाचा ते तिने सांगितलं नव्हतं. मला डोळ्यांनी खुणावलं, म्हणजे नियम मलाही लागू. मी स्टुलावर बसले.

पोस्टमनने पान उलटलं. "कुणालाच डोकं नाही. भीती वाटते जरा."

मास्तरांनी चष्मा कपाळावर नेला. "मला वाटतं काढणाऱ्याला माणसाचं एकटेपण दाखवायचंय. चेहरा नाही म्हणजे ओळख नाही. प्रत्येकजण सारखाच. फार दुःखी मनुष्य असणार हा."

मी चहाचा कप जरा जोरात ठेवला.

"किंवा," पोस्टमन म्हणाला, "काढणाऱ्याला जमतच नसेल. आमचा मामा असाच काढायचा. सगळ्यांचे पाय यायचे."

"तुझ्या मामाला," मी म्हटलं, "स्टूल नसेल."

नातीने कपाळाला हात लावला. "आजी, नियम."

"नियम गेला खड्ड्यात. दुःखी मनुष्य म्हणे. मास्तर, ह्याच दुकानात तुम्ही लग्नाचा कोट शिवलात. पोट आत ओढून उभे होतात, श्वास सोडा म्हटलं तर सोडत नव्हतात. तो फोटो पुढच्या पानावर आहे, बघा एकटेपण."

मास्तरांनी पान उलटलं आणि बघत राहिले. पोट खरंच आत होतं. सगळे हसले, मास्तरही. दातांची डॉक्टर मात्र हसली नाही. ती अल्बमाच्या पुठ्ठ्याकडे बघत होती. पुठ्ठ्यावर आमची खूण आहे, उघडी कात्री आणि तिच्यात बटण. तीच खूण आम्ही प्रत्येक कोटाच्या गळ्यात, आतून, कापडी पट्टीवर शिवायचो.

"ही खूण माझ्या आईच्या कोटात आहे," ती म्हणाली.

"असणारच," मी म्हटलं. "गावातले निम्मे कोट आमचे."

 पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी आली, हातात कापडात गुंडाळलेला कोट घेऊन. नात न्हाणीघरात बाटल्या धूत होती. मी एकटीच टेबलाशी होते.

कोट मी उलगडला. गडद निळा, लोकरीचा, मोठी कॉलर, वरून लावलेले दोन खिसे. काजं हाताने केलेली, आणि तशी काजं ह्यांच्याशिवाय कुणी करत नव्हतं. मला बरं वाटलं. ह्यांच्या हातचं काही बघून खूप दिवस झाले होते.

"छान ठेवलाय," मी म्हटलं.

"एवढंच राहिलंय तिचं," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली आणि हळूहळू सांगायला लागली. आई आजारी पडून गेली तेव्हा ही एवढीशी, शाळेतही जात नव्हती. वडिलांनी फोटो सगळे एका पेटीत घालून तळघरात ठेवले, समोर नकोत म्हणून. एका वर्षी तळघरात पाणी शिरलं. पेटी बाहेर काढली तर फोटोंची एकच वीट झालेली. सुटे करायला गेले तर एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीला चिकटून निघून आला. वडील पुढे त्यावर एक शब्द बोलले नाहीत, आणि आता तेही नाहीत. नातेवाइकांकडेही तिचा एक फोटो निघाला नाही.

"मी हे रोलचं काम शिकले ते त्या विटेसाठी," ती म्हणाली. "वाटलं, औषधात भिजवून काही सुटेल. नाही सुटलं. मला आईचा चेहरा माहीत नाही, आजी. एक आत्या म्हणते तू तिच्यासारखी, दुसरी म्हणते बापासारखी."

"दुसरीचं काय ऐकतेस. तिला बापासारखीच दिसणार."

ती जराशी हसली. "तुम्ही सगळ्यांचे फोटो काढायचात. तिचाही काढला असेल."

 अल्बम तिने पाहिला होता. तिला ठाऊक होतं आमच्या फोटोंना डोकं नसतं. तरी माणूस विचारतो.

"आणि तुम्हाला ती आठवत असेल," ती म्हणाली. "कशी होती दिसायला?"

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या जिभेवर एक चेहरा तयार होता. गोल, हसरा, गालाला खळी. द्यायला काय जात होतं? बिचारी आयुष्यभर सांभाळून ठेवती. पण मी उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला खोटं माप सांगितलेलं नाही.

"नाही आठवत," मी म्हटलं. "माणसं शेकड्याने यायची. मी खांदे बघायची, कंबर बघायची. चेहरे माझ्याकडे राहिले नाहीत."

तिने मान हलवली. वाईट वाटलेलं दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग कोट स्वतःकडे ओढून म्हणाली, "असू दे. मला दुसरंही काम होतं. हा मला मापात बसतो, घालावासा वाटतो. फक्त ह्यात एक चूक आहे, तेवढी दुरुस्त करून द्याल का? खिसे एका रेषेत नाहीत. डावा बराच खाली लागलाय. तो वर घेऊन सरळ करायचा."

"चूक?" मी म्हटलं.

"म्हणजे, लहानशीच आहे."

"चूक ह्या दुकानात?"

कोट मी टेबलावर पसरला आणि टेप लावली. लावायची गरज नव्हती, आंधळ्यालाही दिसलं असतं. उजवा खिसा जिथे असायला हवा तिथे, आणि डावा चांगला वीतभर खाली, जवळजवळ कोटाच्या घेराशी. असा खिसा कुणी लावतं? आमचे हे बटण एका दोऱ्याने सरकलं तरी जेवत नसत. 

"हे आमच्याकडून झालेलं नाही," मी म्हटलं. "नंतर कुणीतरी हात घातलाय."

"शिवण तीच आहे, आजी. बघा ना."

शिवण तीच होती. ह्यांचाच टाका, बारीक, तिरपा, एकसारखा. दातांच्या डॉक्टरला टाके कळतात हे मला तेव्हा कळलं.

मी उठले. गुडघे कुरकुरले तरी उठले. नातीला हाक मारली, म्हटलं, "बाटल्या राहू देत. माळ्यावरचे सगळे अल्बम खाली काढ. सगळे. आमच्या दुकानात चूक निघाली आहे."

तोवर मास्तर आणि पोस्टमनही आले. मी प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक अल्बम टाकला. "निळा कोट, मोठी कॉलर, वरून लावलेले खिसे. आज कुत्री आणि दारं बंद." फोटो काळेपांढरेच होते, म्हणून निळा दिसणार नव्हता, पण ते कुणी बोललं नाही. हिंमत नव्हती.

डॉक्टरही शोधत होती. पानं उलटताना तिची बोटं फोटोंच्या वरच्या कडेवरून फिरायची, जिथे गळे संपतात तिथे. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

सापडला तो पोस्टमनला. "हा बघा. खिसा खाली आहे."

अल्बम मधे सरकवला. होताच तो कोट, नवा कोरा, घडीच्या रेघाही न गेलेला. गळ्यापासून पोटरीपर्यंत एक बाई, डावा खांदा किंचित उतरता, उजव्या हातात पिशवी. आणि डावा खिसा असाच खाली. म्हणजे दुकानातून बाहेर पडतानाच तसा होता. मी हरले होते.

"ह्या खिशात काहीतरी आहे," नात म्हणाली. तिने भिंग आणलं. "मनगट आहे. छोटंसं."

फोटो तिथेच संपत होता. अल्बमाच्या एका पानावर दोन फोटो बसावेत म्हणून मी कडेचा फापटपसारा कात्रीने उडवून टाकायची. खुर्ची, पुतळा, कुणाची छत्री. ह्यात कापलं गेलं होतं एक लहान मूल, फक्त खिशातला हात तेवढा राहिला होता, कारण खिसा कापता येत नव्हता. तो नमुना होता.

आणि मग मला आठवलं. चेहरा नाही, तो मी आजही सांगू शकत नाही. पण ह्यांची कुरबूर आठवली. ह्यांचं भांडण मी कधी विसरत नाही.

"तुझी आई आमच्या ह्यांच्याशी भांडली होती," मी डॉक्टरला म्हटलं.

"कशावरून?"

"ह्याच खिशावरून. तिच्या एका हातात कायम पिशवी. आणि तिची पोरगी, म्हणजे तूच की, हात धरू द्यायची नाहीस. रस्त्यात हात सोडवून पळायचीस. पण आईच्या खिशात हात घातला की गुमान चालायचीस. जुन्या कोटाचा खिसा ओढून ओढून फाडलास तू, म्हणून तर नवा शिवायला आली. म्हणाली, डावा खिसा हिचा हात पोचेल तिथे लावा. हे म्हणाले, बाई, दोन खिसे दोन मजल्यांवर लावले तर लोक मला हसतील. ती म्हणाली, हसू देत की, तुम्ही दुकानात असाल, ऐकू मला येईल."

मास्तर हसले आणि लगेच थांबले.

"हे नाहीच म्हणत होते. शेवटी ती म्हणाली, असं करा, आत्ता खाली लावा, पोरगी वाढली की मी येईन, मग वर घ्या. तेव्हा तयार झाले. चडफडत."

 कोटाचा तो खिसा डॉक्टरने तळहाताने दाबून धरला होता, कुणी काढून नेणार असल्यासारखा.

"निगेटिव्ह," नात एकदम म्हणाली. "आजी, कात्री तू फोटोला लावलीस. निगेटिव्हला नाही ना?"

"निगेटिव्ह कापून मला काय मिळणार होतं?"

"मग त्यात सगळं असेल. बाजूचंही." ती थांबली. मग जपून म्हणाली, "आणि कदाचित वरचंही. छापणारे कडा थोड्या खातात."

 मी सांगायला हवं होतं की माझं स्टूल ठरलेलं होतं आणि माझा हात ठरलेला होता. पण डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हतीच, नातीकडे बघत होती. मी गप्प राहिले.

निगेटिव्ह बटणांच्या डब्यांत होते, पातळ कागदात गुंडाळलेले. आम्ही पट्ट्याच्या पट्ट्या खिडकीशी धरून बघितल्या. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं, भुतांची रांग नुसती. पोस्टमन म्हणाला, "आता तर भीती वाटतेच." कोट नातीनेच ओळखला. "हा. बाजूला मूल आहे. वर..." तिने पट्टी जवळ घेतली, लांब नेली. "वर काहीतरी आहे. छापल्याशिवाय सांगता येणार नाही."

न्हाणीघरात आम्ही पाचजण मावत नव्हतो तरी मावलो. मला बादलीवर पाट टाकून बसवलं. लाल दिवा, औषधाचा आंबट वास, आणि ताटात पाण्यासारखं औषध. नातीने कोऱ्या कागदावर उजेड पाडला आणि कागद ताटात सोडला. काही नव्हतं त्यावर. मास्तरांनी श्वास धरून ठेवला होता, लग्नाच्या कोटात धरलेला तसाच.

आधी कोट आला. गडद होता म्हणून आधी. मग पोरीचे केस. मग आमच्या आरशाची चौकट, खुर्ची, पुतळा, मी उडवलेला सगळा पसारा एकेक करून परत आला. डॉक्टर वाकली होती ती कागदाच्या वरच्या कडेवर. कॉलर आली. कॉलरच्या वर गळा आला, आणि गळ्याच्या वर हनुवटी. हनुवटी आणि खालच्या ओठाची एक कड.

त्याच्या वर कागद संपला होता.

नात ताट हलवत राहिली, हलवलं म्हणून आणखी काही येणार असल्यासारखी. "एवढंच आहे," ती म्हणाली. "सॉरी."

मला वाटलं आता ही रडेल, आणि मी बादलीवरून उठून काय करणार? पण ती रडली नाही. तिने स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं, बाजूने, जबड्याच्या रेषेवरून फिरवलं, रोज दुसऱ्यांची बघते तशी. "आत्याला सांगायला हवं," ती म्हणाली. "बापासारखी नाहीये."

तोवर पोरीचा चेहरा आला होता. गोऱ्या गोष्टी शेवटी येतात म्हणे त्या औषधात. स्टुलावर बसल्यापासून एवढा पूर्ण चेहरा मी कधी येऊ दिला नव्हता, पण मुलं बुटकी, गळ्याची रेघ त्यांच्या डोक्यावरून जाते. पोरगी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. एक हात खिशात मनगटापर्यंत, मान मागे टाकून ती वर बघत होती. तोंड उघडं, पुढचे दात पडायला अजून वेळ असलेलं, हसत होती. वरून कुणीतरी काहीतरी बोललं असणार. त्या खालच्या ओठाची कड तशीच होती, बोलता बोलता धरलेली.

 नातीने कागद दुसऱ्या ताटात घातला, मग धुतला, मग चिमट्याने दोरीवर लटकवला.

"मी तिला बघत होते," डॉक्टर म्हणाली. "मला वाटायचं, मी तिला कधी नीट बघितलंच नसेल."

फोटो वाळल्यावर टेबलावर आला. नियमाप्रमाणे हातोहात फिरला. पोस्टमन म्हणाला, "मला वाटतं आई गमतीशीर होती." मास्तर नेहमी बोलतात तेवढे बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरीच्या तोंडावर सगळं आहे. वरचं पाहायची गरज नाही." नंतर त्यांनाच वाटलं असावं की फार झालं, कारण त्यांनी चष्मा पुसायला घेतला. शेवटी फोटो माझ्याकडे आला. सगळ्यांचं झालं होतं, आता काढणारीने बोलायचं. मी फोटो बघितला, डॉक्टरच्या हातात दिला आणि म्हटलं, "चहा गार झालाय. परत करते."

निघताना ती म्हणाली, "खिसा राहू दे, आजी. सरळ नको करायला."

"सरळ करायला तो वाकडा कुठे आहे?" मी म्हटलं. "पण कोट ठेवून जा. खिशामागचं अस्तर विरलंय. आमची खूण आहे त्यावर, फाटका फिरलेला चालणार नाही."

सुई आता मला ओवता येत नाही, नात ओवून देते. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीशी बसून मी अस्तराची डावी बाजू उसवली. आत हात घालून कापड उलटं केलं, आणि बघते तर खिशाच्या वर, कोटाच्या आतल्या बाजूने, पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका. आडवी रेघ. खिशाची वरची कड पुढच्या वेळी कुठे यायची ती खूण. त्याच्या वर आणखी एक. त्याच्या वर आणखी. शेवटची रेघ बरोबर उजव्या खिशाच्या कडेला जुळलेली. रेघांमधलं अंतर सारखं नव्हतं, वर जाताना कमी कमी होत गेलं होतं, कारण पोरं सुरुवातीला भराभर वाढतात. चडफडत होता ना तो माणूस? मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

रविवारी डॉक्टर आली तेव्हा अस्तर मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. काही न बोलता तिच्यापुढे केलं. नियम, म्हटलं, आपणही पाळून बघू. तिने रेघांवरून बोट नेलं, खालून वर, शेवटच्या रेघेपर्यंत.

"ही मी," ती म्हणाली. "ही पण मी."

मी अस्तर बंद केलं. आमच्या धंद्यात पक्की शिवण पडली की कच्चा दोरा ओढून काढतात, राहिला तर शिंप्याची लाज जाते. नात बाजूलाच होती, तिला हे मीच शिकवलेलं. म्हणाली, "आजी, आतले पांढरे दोरे राहिले की."

"पक्की शिवण कुठे पडली आहे?" मी म्हटलं. "राहू देत."

डॉक्टरने कोट अंगात घातला आणि डावा हात खिशात घालायला गेली. खिसा खाली, म्हणून तिचा डावा खांदा उतरला, फोटोतल्यासारखा. मी तिला आरशासमोर उभं केलं. मग नातीला म्हटलं, "तुझा तो रोलचा कॅमेरा आण. आणि स्टूल नको, मी उभी राहून काढणार आहे."